गाडीचं चिलखत आणि सोनेरी फावडं

पोर्ट ट्रेवेना
मंगळवार, दुपार

प्रिय लान्स,

तू माझ्याहून मोठा, म्हणून आधी नमस्कार आणि मग तुझ्या गुडघ्याची चौकशी. मेव्हिसचं पत्र आलं (ती लिहिते, तू लिहीत नाहीस, हे पहिल्याच परिच्छेदात नोंदवून ठेवते). तिच्या म्हणण्याप्रमाणे नवा गुडघा उत्तम वाकतो, फक्त तू वाकत नाहीस. डॉक्टरांनी शिडी चढू नका म्हटल्यावर तू त्याच आठवड्यात छपरावरची पन्हळ साफ करायला चढलास. या वयात माणसाने ऐकायला शिकावं. तुमच्या क्वॉर्नला आता सकाळी दहिवर पडत असेल, लोकरीची बंडी घालत जा. मेव्हिसला सांग की तिचा क्वान्डाँगच्या रानफळांचा मुरंबा पोचला आणि मला चाखायलाही मिळाला नाही, कारण क्लेमने तो चमच्याने बाटलीतूनच संपवला. आमच्याकडे सगळं ठीक आहे, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिते. एक जण ठीक नाही आणि हे पत्र त्याच्याचबद्दल आहे.

तुझा मेहुणा. निवृत्त झाल्यावर पुरुषांना काहीतरी होतं हे मी ऐकून होते. आमच्या गल्लीतल्या एकाने मधमाश्या पाळल्या, एकाने अकॉर्डियन विकत घेतलं (मधमाश्या परवडल्या). क्लेमच्या डोक्यात मात्र आधीपासून सिम्पसन वाळवंट बसलेलं होतं आणि ते तिथे कोणी बसवलं हे तुला चांगलं ठाऊक आहे. आमच्या लग्नाच्या जेवणात, केक कापायच्या आधी, तू त्याला सर्वेक्षणाच्या तुकडीबरोबर ते वाळवंट कसं ओलांडलंस ते सांगत बसलास. लाल टेकड्या, एकीमागून एक, संपतच नाहीत. मी सुरी हातात घेऊन उभी होते. त्या दिवसापासून नवरा माझा आणि मन सिम्पसनचं अशी वाटणी झाली. तो आयुष्यभर धान्याच्या कोठारावर गव्हाच्या ट्रकांचं वजन करत राहिला आणि माझ्या अंदाजाने प्रत्येक ट्रकामागे त्याला एक लाल टेकडी दिसत राहिली.

निरोप समारंभातलं घड्याळ मनगटावर बसायच्या आत त्याने पिकअप आणली. गाडीला माझी हरकत नव्हती. आपले वडील जन्मभर तसल्याच गाडीतून मेंढ्या न्यायचे. पण वडिलांच्या गाडीत सामान काय असायचं ते आठव. लांब दांड्याचं एक फावडं, दोन रिकामी पोती, पाण्याचा डबा. गाडी रुतली की फावड्याने वाळू बाजूला, पोती चाकाखाली आणि तुला एक शिवी. एवढ्या सामग्रीवर ते कुठेही जायचे आणि जेवायच्या वेळेला घरी असायचे.

क्लेम फावडं घेण्याऐवजी ट्रॉयकडे गेला. ट्रॉय म्हणजे मोठ्या गावातल्या गाडीसामानाच्या दुकानाचा मालक. दाढी छातीपर्यंत, दंडावर मगर गोंदलेली, बोलताना नजर क्षितिजावर. (त्याची स्वतःची गाडी मी दुकानामागे पाहून आले. तिच्यावर धुळीचा कण नव्हता.) ट्रॉयच्या दुकानात 'हवं असेल तर घ्या' अशी वस्तूच नसते. प्रत्येक वस्तूवाचून कोणी ना कोणी मरता मरता वाचलेला असतो आणि तो ट्रॉयच्या ओळखीचा असतो. तेव्हा सर्वांत आधी कांगारूंसाठी गाडीच्या पुढे पोलादी कठडा आला. तो बसवल्यावर लगेचच एक एमू आमच्यावर खरोखर धावून आला आणि बाजूच्या दारावर आपटला. मी म्हटलं, कठडा पुढे आहे हे त्याला कोणीतरी सांगायला हवं होतं. क्लेम म्हणाला, "बाजूचाही मिळतो." आणि आणला. मग दगडांपासून रक्षण म्हणून पोटाखाली जाड पत्रा. मग स्नॉर्कल, म्हणजे खोल पाण्यात इंजिनाला श्वास घेता यावा म्हणून छपरापर्यंत चढवलेली नळी. लान्स, आमच्या द्वीपकल्पावर नदी नाही. एकही नाही. इथलं सर्वांत खोल पाणी टपाल कचेरीसमोरच्या खड्ड्यात साचतं आणि त्यात बदकाचेही पाय टेकतात.

त्यानंतर पुढच्या कठड्यात विंच, म्हणजे गाडीने दोर गुंडाळत स्वतःला ओढून काढायचं यंत्र. विंचचा दोर झाडाला बांधायचा, तर झाडाच्या सालीला इजा होऊ नये म्हणून झाडासाठी निराळा मऊ पट्टा. (माझ्या सालीचा विचार कोणी केला नाही.) दुसऱ्या गाडीने ओढायचं झालं तर ताणला जाणारा पट्टा आणि त्याच्या कड्या. चाकाखाली घालायच्या दातेरी फळ्या, टपावर, कुलपासकट. घडी होणारं फावडं, जे उघडल्यावरही सूपच्या चमच्यापेक्षा फार मोठं होत नाही. फ्रिज. सीटना कॅनव्हासची कव्हरं आणि पायाखाली खोलगट रबरी मॅट, ज्यांच्यावर पाय ठेवायच्या आधी मला बूट झटकावे लागतात. चिखलात जावी म्हणून घेतलेल्या गाडीत मी चिखल आणायचा नाही, असा तो नियम आहे. या सगळ्याचं वजन किती झालं, असं मी ट्रॉयला सरळ विचारलं. तो क्षितिजाकडे बघून म्हणाला, "त्यासाठी दणकट स्प्रिंगा येतात." त्याही घेतल्या. त्यांचंही वजन आलंच. आयुष्यभर ट्रकांचं वजन केलेल्या माणसाला स्वतःची गाडी काट्यावर घालायचं सुचलं नाही.

शेवटी झेंडी. वाळवंटात टेकडीपलीकडून येणाऱ्याला गाडी दिसावी म्हणून उंच काठीवर नारिंगी झेंडी लावावी लागते, हे मला मान्य आहे. ती लावून तो बेकरीत पाव आणायला जायला लागला, हे मात्र मला मान्य नव्हतं.

तेव्हा मी अट घातली. किनाऱ्याच्या वाळूवरून पार दीपस्तंभाच्या टोकापर्यंत जायचं आणि परत यायचं. गाडी क्लेमने चालवायची, कोणाची मदत घ्यायची नाही. जमलं तर या हिवाळ्यात सिम्पसन, मी बरोबर येईन आणि तक्रार करणार नाही. नाही जमलं तर गाडी विकायची आणि टास्मानियाला गुलाबांच्या बागा बघायला बसने जायचं. क्लेमने माझा हात हातात घेऊन हलवला, एखाद्या कंपनीशी करार केल्यासारखा.

किनाऱ्यावर उतरायच्या जागी आमच्याकडे प्रत्येक जण थांबतो आणि चाकांतली हवा कमी करतो. मऊ चाक वाळूवर पसरतं, टणक चाक वाळू कापत खाली जातं, हे इथे बालवाडीत कळतं. हवा फुसफुसत असते तेव्हा पुरुष कमरेवर हात ठेवून उभे राहतात आणि एकमेकांना "तुझी किती ठेवलीस?" असं विचारतात, जणू मुलांचे मार्क विचारतायत. क्लेम थांबला नाही. त्यांना हात करून सरळ पुढे गेला. मी म्हटलं, "हवा?" तो म्हणाला, "या टायरची काढावी लागत नाही. ट्रॉय म्हणाला." (खरी गोष्ट अशी की परत हवा भरायचा पंप फ्रिजच्या खाली होता आणि फ्रिजवर पेस्टींचा, म्हणजे भाजलेल्या तिखटमिठाच्या करंज्यांचा, डबा, चहाचा थर्मास, खुर्च्या आणि झाडाचा पट्टा होता.) दीपस्तंभापर्यंत तो गेला, हे न्यायाने सांगायला हवं. कडक ओल्या वाळूवरून, शीळ घालत गेला. परत येताना भरती सुरू झालेली होती. पाणी टाळायला त्याने गाडी किंचित वर घेतली, मऊ वाळूत, आणि आम्ही थांबलो. क्लेमने जोर दिला. आम्ही खाली गेलो. त्याने आणखी जोर दिला. मग ती गाडी पोटाखालच्या त्या जाड पत्र्यावर, अंड्यांवर बसलेल्या कोंबडीच्या समाधानाने, बसली. मी दार उघडलं तर पायरी वाळूला टेकलेली. इतक्या सहज मी त्या गाडीतून कधी उतरले नव्हते.

आता तू म्हणशील, एवढं सामान होतं ना. होतं. फळ्या टपावर होत्या आणि त्यांच्या कुलपाची किल्ली घरी मागच्या दाराजवळच्या खिळ्यावर होती, चर्चच्या सभागृहाच्या किल्लीशेजारी. चोराने नेऊ नयेत म्हणून ते कुलूप आहे, आणि ते उत्तम आहे, क्लेमलाही ते तोडता आलं नाही. घडीच्या फावड्याची घडी वाळूत पहिल्यांदा खुपसताच मिटली ती पुन्हा उघडली नाही. विंचला झाड हवं. किनाऱ्यावर झाड नसतं. क्लेमने टेकाडावरचं एक झुडूप निवडलं, त्याला तो मऊ पट्टा अगदी हळुवार गुंडाळला आणि हातातल्या बटणाने विंच चालू केला. गाडी जागची हलली नाही. झुडूप मुळांसकट उपटून आमच्याकडे आलं. (सालीला इजा मुळीच झाली नव्हती.) तोवर पाण्याची एक जीभ मागच्या चाकाजवळ येऊन गेली. क्लेमने तिच्याकडे बघितलं आणि मला धीर द्यायला म्हणाला, "स्नॉर्कल आहे."

मी म्हटलं, "इंजिन श्वास घेईल. आपण काय करायचं?"

एवढ्यात डेस रॉडा आपल्या गाडीतून आला. डेस बोल्स क्लबचा, म्हणजे हिरवळीवर गोळे घरंगळवायच्या खेळाच्या क्लबचा, सेक्रेटरी. तिसरीत मी त्याला शिकवलं आणि पन्नाशी उलटली तरी मला 'बाई' म्हणतो. त्याने आधी फोटो काढला. मग काच खाली केली.

"काय क्लेम, रुतलास?"

"छे. चहा घेतोय."

"भरतीलाही बोलावलंयस का चहाला?"

"डेस, तुला उशीर होत असेल."

"मला कसला उशीर? बिअरचा क्रेट कुठल्या दुकानातून आणणार ते सांग, मग पट्टा काढतो." (ओढून काढणाऱ्याला एक क्रेट, हा आमच्याकडचा धर्म आहे. तो पाळला नाही तर गावात तुझ्याशी कोणी बोलणार नाही.)

क्लेम माझ्याकडे बघत होता. मदत घेतली की अट मोडली, आणि नाही घेतली तर गाडी समुद्राची. लान्स, मी त्या माणसाला हरलेलं अनेकदा पाहिलं आहे, बोल्समध्ये तो दर शनिवारी हरतो. पण अशा चेहऱ्याने नाही. मग तो हळूच म्हणाला, "ओढ."

आता पट्टा कुठे अडकवायचा? त्यासाठी गाडीला एक भक्कम हूक बसवून घ्यावा लागतो. एवढ्या सगळ्या लोखंडात तो एकच हूक नव्हता. ट्रॉयकडे शिल्लक नव्हता म्हणे, पुढच्या महिन्यात येणार होता. तेव्हा डेसने पट्टा उचलला आणि ट्रेलर जोडायचा जो मागचा लोखंडी गोळा असतो, त्यावर घातला. असा गोळा ताणाने तुटला तर तोफेतून सुटल्यासारखा समोरच्या गाडीच्या काचेतून आत जातो, आणि आत जे डोकं असेल त्यातून बाहेर. इथल्या प्रत्येक पुरुषाला हे माहीत आहे आणि प्रत्येकाने ते एकदा तरी केलेलं आहे.

मी म्हटलं, "ते काढ."

"बाई, आम्ही नेहमी असंच..."

"डेसमंड."

त्याने टोपी काढली आणि मग पट्टा काढला.

पुढचं थोडक्यात सांगते. दोघांना मी खणायला लावलं, एकाला पेस्टी भाजायचं पत्र्याचं ताट दिलं आणि एकाला डब्याचं झाकण. चारही चाकांची हवा मी केसांतल्या पिनेने काढली. मग त्या खोलगट रबरी मॅट ओढून काढून चाकांमागे घातल्या. क्लेम कळवळून म्हणाला, "यूना, त्या मापाने करून घेतलेल्या आहेत!" मी म्हटलं, "माप बरोबर बसतंय." नंतर मी स्टिअरिंगवर बसले, रिव्हर्स टाकला आणि आम्ही ज्या चाकोऱ्यांनी आलो होतो त्यांच्यावरूनच गाडी मागे घेतली, जोर न देता, वडील घेत तशी. ती आली. गाडी ठीक आहे ना हे तपासायला टेकाडावरून एक वळसा घालून मी ती कडक वाळूवर आणून उभी केली. अनुभव वाईट नव्हता, एवढं म्हणते. डेसच्या गाडीने ओढलं नाही, म्हणून क्रेट द्यावा लागला नाही. डेसच्या मते ताटाने खणणं हीसुद्धा मदतच आहे आणि हा मुद्दा क्लबात अजून चालू आहे.

घरी येताना क्लेमने एकदाच विचारलं, "तशी बाहेरच्या कोणी ओढली नाही ना?" मी म्हटलं, गाडी तू चालवायची असं ठरलं होतं. तो म्हणाला, "खरं आहे."

वर्षातल्या सर्वांत मानहानीच्या रुतण्यासाठी बोल्स क्लब दरवर्षी एक फावडं देतो, सोनेरी रंग दिलेलं. ते वर्षभर घरी ठेवायचं आणि मग परत करायचं. यंदा फोटोच असा होता (गाडी, झुडूप, झेंडी आणि मागून येणारी लाट) की मतदानाची गरज पडली नाही. शनिवारच्या जेवणाला क्लेम पुढे गेला, सगळ्यांबरोबर हसला, फावडं खांद्यावर टाकून घरी आला. दुसऱ्या दिवशी त्याने झेंडी उतरवली, गुंडाळली आणि शेडमध्ये घेवड्याच्या काठ्यांमागे ठेवली. सुवाच्य अक्षरात 'विकणे आहे' असं कार्ड लिहून वाणसामानाच्या दुकानाच्या काचेला लावून आला. तेव्हापासून त्याचं वागणं फार चांगलं आहे. भांडी पुसतो. टेबलावर कोपर ठेवत नाही. टीव्हीवर हवामान सांगताना वाळवंटाकडचा नकाशा आला की उठून आणखी एक बशी पुसायला घेतो. हे सगळं अत्यंत सोयीचं आहे.

तर तुला एवढंच काम. तू त्याच्याहून मोठा आहेस आणि या बाबतीत तो तुझंच मानतो. चार ओळी लिही की गाडी विकायचा निर्णय शहाणपणाचा आहे, वाळवंट कुठे पळून जात नाही आणि टास्मानियातले गुलाब प्रेक्षणीय असतात.

मेव्हिसला प्रेम. गुडघा सांभाळ, शिडी कोणाला तरी देऊन टाक.

तुझी बहीण,
यूना

ता.क. हे पत्र मी क्लेमला वाचून दाखवलं. म्हटलं, काही चुकीचं असेल तर सांग. तो म्हणाला, "नाही, सगळं बरोबर आहे." झुडपाबद्दलसुद्धा वाद घातला नाही. इतक्या वर्षांत त्याने माझ्या एकाही पत्रातली निदान एक चूक काढल्याशिवाय सोडलेलं नाही. आता तो बागेत आहे, म्हणून पुढचं लिहिते. वरच्या चार ओळी लिहू नकोस. त्याऐवजी असं लिही की नवा गुडघा बसल्यापासून तुला सिम्पसन पुन्हा एकदा बघायचं आहे, मेव्हिस एकट्याला जाऊ देत नाही, एका गाडीने तिथे कोणी जात नाही आणि क्लेम दुसरी गाडी घेऊन आला नाही तर तुझं जाणं राहील. विनंती करू नकोस, हुकूम सोड. मेव्हिसला मी फोन केला आहे. तिची हरकत नाही. ती म्हणते, तू नाहीतरी छपरावर चढतोस, वाळवंटात निदान छप्पर नाही.

ता.क. दुसरा. मीच त्याला का सांगत नाही, असं विचारू नकोस. इतकी वर्षं शाळा चालवली, दिलेली शिक्षा एकदाही मागे घेतली नाही. आता घेतली तर डेस रॉडा गावभर सांगेल. तू त्याला मागितलंस तर गोष्ट वेगळी, भावाच्या गुडघ्यापुढे माझा इलाज नाही.

ता.क. तिसरा. टेकाडाचा तो वळसा गाडी तपासायला नव्हता. टेकाड समोर होतं आणि गाडी चढत होती. हे तुझ्यापाशी ठेव. अर्ध्या टेकड्या मी चालवणार आहे, ते क्लेमला तिथे पोचल्यावर सांगेन. दुकानातलं कार्ड मी काढून आणलं. पोर्ट लिंकनहून एकाचा फोन आला होता, त्याला गाडी विकली गेली म्हणून सांगितलं. हूक मी दुसऱ्या दुकानातून मागवला आहे. ट्रॉयकडून नाही.

ता.क. शेवटचा, बुधवार सकाळ (कालची टपालाची वेळ चुकली). येताना फावडं आणू नकोस, आमच्याकडे झालं आहे. लांब दांड्याचं, दणकट, अगदी वडिलांच्या फावड्यासारखं. मी मागच्या पायरीवर बसून त्याचा सोनेरी रंग घासून काढत होते, तोच क्लेम भांडी पुसायचं फडकं खांद्यावर घेऊन दारात आला. "हे काय चाललंय?" मी म्हटलं, बटाटे लावायचेत. त्याने दांड्यावरून अंगठा फिरवला. मग म्हणाला, "दांड्याला तेल दे. लाल वाळूत कोरडा दांडा चिरतो." आणि शेडकडे गेला. तिथून घेवड्याच्या काठ्या पडल्याचा आवाज आला आहे. तेव्हा लान्स, लवकर लिही.